घोडीचं पोट

ईशान, तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुमच्या गॅरेजात तो उभ्यानं चालवायचा जेट-स्की उलटा टाकलेला, त्याचं पोट कापून उघडलेलं, आणि तू हातमोजे घालून आतला ओला पिवळा फोम खरवडून बादलीत टाकतो आहेस. मागून तन्वी विचारते, एवढं पाणी आत गेलं कसं, आणि तू म्हणतोस, वर्षानुवर्षं हळूहळू मुरलं. तुझी आई फोनवर हसत म्हणाली की आजीला यातलं काय कळणार, पण नातवाचे उद्योग बघून करमणूक होईल. तिला सांग, आजीला यातलं बरंच कळतं. आमच्या अंगणात एका उन्हाळ्यात हाच उद्योग चालला होता, आणि तुझ्यासारखाच आम्हीही तो ओला फोम बादल्यांनी उपसला होता. आमच्याकडे हातमोजे नव्हते, एवढाच फरक. तुम्हा दोघांना ती हकीकत नीट क्रमानं कळावी म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

आमचं गाव धरणाच्या पाण्याला लागून होतं. मी लहान असताना तिथं नुसती नदी होती, उन्हाळ्यात वाळूत झरे खणून आम्ही पाणी प्यायचो. पुढे भिंत उभी राहिली, पाणी साठलं, आणि आमच्या शिवाराच्या खालच्या अंगाला एकाएकी मोठा जलाशय आला. त्याचं एक मजेशीर वेळापत्रक असायचं. दिवाळीला पाणी पार गावाच्या पांदीच्या वाटेपर्यंत आलेलं असे आणि संक्रांतीनंतर ते मागे सरकू लागे. मागे सरकताना काळाकुट्ट, लोण्यासारखा गाळ उघडा टाकून जाई. त्या गाळात खत लागत नसे, पाणी लागत नसे, बी टोचलं की वेल धावत सुटे. ती जमीन सरकारची, पण उन्हाळ्यापुरती कसायला मिळे. तिला गाळपेर म्हणत. ज्याच्या नावावर पट्टा लागेल त्यानं पाणी परत चढायच्या आत पीक काढून घ्यायचं.

त्या वर्षी गाळपेराच्या पट्ट्याला पहिल्यांदाच एका बाईचं नाव लागलं, आणि ती बाई म्हणजे आमची काशीआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर अमडापूरकडे होतं. तिथून ती एका सकाळी कापडाची पिशवी घेऊन आली आणि परत गेली नाही. कारण तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही. आमच्या घरात प्रेम असंच, न विचारण्यातून चाले. ती बुटकी, काटक, आणि जिभेची तिखट होती. पहाटे उठून सडा घालायची, दुपारी कापूस वेचायला जायची, रात्री माझ्या केसांना तेल लावताना मला इंग्रजी शब्द विचारायची आणि ते ऐकून खदखदून हसायची. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते आणि सुटीला घरी आले की माझं इंग्रजी हा आत्याच्या करमणुकीचा मुख्य विषय असे. पण सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्यावर ती स्वतःचं ताट घेऊन चुलीमागे बसे. आई म्हणे, वन्सं, इकडं बसा. ती म्हणे, मले इथंच गोड लागते. आता माझ्या वयाला मला कळतं की भावाच्या घरी जेवणाऱ्या बाईला कोणत्या जागी घास गोड लागतो.

म्हणून तिला ते वावर हवं होतं. बाबांना तो विचार पसंत नव्हता. आमची जमीन कमी नव्हती, घरच्या बाईनं चिखलात टरबुजं लावायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. त्यातून तिच्या वाट्याला आलेला तुकडा होता एका टेकाडावर, ज्याच्या तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला बैल पोटापर्यंत रुतेल असा गाळ. चालत जायचं तर फेरा मारून, एक टोपलं डोक्यावर घेऊन जाता येई. बैलगाडी जायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी ओसरीवर सुपारी कातरत निकाल दिला.

"काशे, ह्या वर्षी करून पाह्य. माल बाजारात पोचला त ठीक. नाही पोचला त पुढच्या वर्षी गाळपेराचं नाव काढू नको."

"अन् पोचला त?"

"पोचला त मंग तू अन् तुह्यं वावर. मी मधात बोलणार नाही."

आत्यानं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी बी भिजत घातलं.

माल पाण्यावरून आणायचा हे तिनं आधीच ठरवलेलं होतं. टरबूज पाण्यावर तरंगतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. भोई लोक नदीच्या वाळूतली टरबुजं जुन्या जाळ्यात भरून पाण्यातून ओढत आणत. म्हणजे होडीला ओझं वाहायचं नव्हतं, नुसतं जाळं ओढत न्यायचं होतं. पण भोयांच्या होड्या त्या दिवसांत मासेमारीला जुंपलेल्या असत आणि कुणी एका दिवसालाही द्यायला तयार नव्हतं. तेव्हा आत्याला आमच्या गोठ्यातली घोडी आठवली.

ही घोडी म्हणजे फायबरची एक चपटी, लांबुळकी वस्तू. धरणाचं काम चालू असताना पाण्यातल्या खुणेच्या पट्ट्या वाचायला एक साहेब तिच्यावर उभा राहून, हातातल्या बांबूनं रेटत जायचा. बसायची सोय नव्हती. माणसानं उभंच राहायचं, घोड्याच्या पाठीवर कसरत करावी तसं, म्हणून गावानं तिचं नाव घोडी ठेवलं. काम संपल्यावर लिलावात बाबांनी पिंपं आणि दोरखंड घेतले, त्यांच्याबरोबर ती पदरात पडली. तेव्हापासून ती गोठ्यात पडून होती आणि आई तिच्या पाठीवरच्या खोलगट जागेत म्हशीची सरकी भिजवत असे. आत्यानं ती घासूनपुसून पाण्याला नेली. मी बरोबर होते. आत्या तिच्यावर चढली आणि घोडी शांतपणे, काही तक्रार न करता, घोट्यापर्यंत पाण्याखाली गेली. बुडाली नाही, तरंगलीही नाही. बांबू रेटला तरी जागची हलेना. आत्या पाण्यात उभी राहून तिच्याकडे बघत म्हणाली, "ही त माह्यापेक्षा आळशी हाय." घरी आणताना चार माणसं लागली. नेताना दोन पुरली होती.

होळीला माझा मुंबईचा मामा आला. वसंतमामा आईचा धाकटा भाऊ, मुंबईत एका कारखान्यात कामाला. तिथं मोठमोठी थंड कपाटं बनत आणि त्यांच्या भिंतींत फोम भरण्याचं काम त्याच्याकडे होतं. मुंबईची पँट, मुंबईचा कंगवा आणि प्रत्येक गोष्टीला "सोपं आहे" म्हणायची सवय, असा तो. पुरणाचे मांडे आणि रशी हाणून झाल्यावर तो गोठ्यात गेला आणि डॉक्टरनं छाती ठोकून बघावी तशी घोडी बोटांनी ठोकत टोकापासून टोकापर्यंत गेला. मग खिळ्यानं खालच्या बाजूला एक भोक पाडलं. थेंब पडला, मग दुसरा, मग धारच लागली. दोन कवचांच्या मध्ये फोम असतो, त्यानं पाणी पिऊन टाकलं आहे, त्याचं हे वजन, असं त्यानं समजावलं. वर उभं राहण्याची जागाही आतून पिचली होती, दाबलं की पिकल्या पपईसारखी आत जाई. पोट उघडायचं, सगळं ओलं काढायचं, आतून नवा थर देऊन बळकट करायचं, आणि नवा फोम भरायचा. "सोपं आहे," तो म्हणाला. सुटीत सामान घेऊन येतो असं सांगून तो गेला. आत्याच्या वेलींना तेव्हा नुकती पिवळी फुलं येत होती.

चैत्र सरता सरता तो आला तेव्हा टरबुजं हाताला भरत होती, आणि आमच्या अंगणात कुरडयांचा हंगाम ऐन भरात होता. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, सोऱ्याची करकर, बाजांवर पसरलेली लुगडी आणि त्यांवर पांढरी शुभ्र वेटोळी. त्या वर्षी ऊन दोघांना वाटून द्यावं लागलं, कुरडयांना आणि घोडीला. मामानं करवतीच्या पात्यानं घोडीची वरची पाठ कापून अलगद उचलली, आणि आतून जे निघालं त्याला भिजलेल्या पावाचा रंग आणि गोठ्याचा वास होता. मी आणि आत्यानं खुरप्यांनी ते खरवडलं. मुठीत पिळलं की पाणी गळे. आईला भीती की या घाणीचा कण कुरडईवर उडेल, म्हणून ती सूप आडवं धरून मध्ये उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना बोलत राहिली. उन्हात पोट कोरडं पडल्यावर आत्यानं आतून विटेच्या तुकड्यानं घासायला घेतलं आणि तिथं आमची दुसरी ओळख झाली, काचेच्या धुळीशी. तुमच्या हातमोज्यांची किंमत मला तेव्हाच कळली होती. खाजकुइली अंगावर पडल्यासारखी दिवसभर कातडी पेटलेली. मामा तर येताजाता न्हाणीघरात शिरून अंगावर पाणी ओतून घेई. दिवसातून इतक्या वेळा आंघोळ करणारा माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता, तेही उन्हाळ्यात, रहाटाच्या पाण्यानं.

मग बळकटीचं काम. काचेच्या धाग्यांचं जाडंभरडं कापड आणि मधासारखं चिकट राळीचं द्रव्य. त्यात दुसऱ्या बाटलीतलं औषध टाकलं की ते घट्ट होऊन दगड बनायचं. मुंबईत अर्धा तास लागे म्हणे. आमच्या वैशाखात मामा ढवळतो ढवळतो तोच ते आईच्या पातेल्यात गोठलं, पळीसकट. ते पातेलं पुढे कैक वर्षं गोठ्यात कोंबड्यांच्या पाण्याला होतं आणि त्यातली पळी कधीच निघाली नाही. त्यानंतर राळीचं काम पहाटे, गारव्यात करायचं ठरलं. कोंबडा आरवायच्या आत मामा, आत्या आणि मी अंगणात. मामा कापड कापून देई, आत्या ते पोटाच्या आत चोपून बसवी, मी कुंचल्यानं राळ लावी. उभं राहायच्या जागेखाली सागाच्या चिपा लांबीला धरून बसवल्या, त्यांवर पुन्हा कापड, पुन्हा राळ. आत्याचा हात असा काही सफाईनं चाले की एक सुरकुती राहत नसे. मामा म्हणाला, तुम्हाला आमच्या कारखान्यात घेऊन जातो. ती म्हणाली, तिथं टरबुजं होत असतील त येतो.

टरबुजं तिकडे थांबायला तयार नव्हती. देठाजवळचा तंतू वाळू लागला होता, रात्री कोल्हे येऊन पिकलेलं फोडून जात. आत्या रोज फेऱ्यानं जाऊन एक टोपलं आणी. तेवढी आम्ही घरीच खात होतो, दुपारी, संध्याकाळी, भाकरीबरोबरसुद्धा. बाबा फोड हातात घेऊन गोड आहे एवढंच म्हणत. बाकीचं बोलणं ओसरीवर न बोलता चालू होतं. तिनंही काही विचारलं नाही, आणि संध्याकाळी तिचं ताट चुलीमागेच असे.

फोमचे दोन डबे मामानं जपून ठेवले होते. एकात काकवीसारखं तपकिरी, दुसऱ्यात तिळाच्या तेलासारखं पिवळसर. दोन्ही सारखं घेऊन भराभर ढवळायचं आणि ओतायचं. मग ते श्वास घेतल्यासारखं फुगत वर येई, गरम होई, आणि थोड्या वेळानं टणक. पहिल्यांदा पाहताना आई तव्यावरची पोळी उलटायला विसरली. मामानं पोटात दोन आडव्या भिंती घालून तीन खण केले होते. पाठ परत चिकटवून चऱ्हाटानं आवळली, घोडी दोन टोकांना विटांवर टेकवली, आणि प्रत्येक खणाला वरून एक भोक ओतायला आणि बाजूला चार-सहा बारीक भोकं पाडली, आतली हवा आणि जास्तीचा फोम बाहेर पडायला. पुढचा आणि मागचा खण त्यानं थोडं थोडं ओतून सुरेख भरला. बारीक भोकांतून सोनेरी बुडबुडे डोकावले तशी आत्यानं पुरणपोळीचा कड कापावा तसे ते कापून टाकले. मधला खण राहिला, सगळ्यात मोठा, पायांखालचा. मामाला खाज असह्य झाली. आंघोळ करून आलोच, तोवर कुणी हात लावू नका, असं सांगून तो न्हाणीघरात गेला. आत्याही टोपलं घेऊन टेकाडाकडे निघून गेली.

आता बाबांविषयी दोन शब्द. ते आडमुठे नव्हते. इतके दिवस लांबून बघत होते आणि मनातून त्यांना त्या कामात हात घालावासा वाटत होता, हे मला दिसत होतं. ऊन चढत होतं, द्रव्य तापतं आहे म्हणून मामा सकाळपासून घाई करत होता, आणि आता तोच आंघोळीला बसला. बाबा उठले, घोडीभोवती एक फेरी मारली, आणि त्यांना ती भोकं दिसली. आमच्या घरी वर्षाची ज्वारी कणगीत भरायची तर बाबा स्वतः उभे राहत. कणगी काठोकाठ भरायची, झाकण ठेवायचं आणि शेणमातीनं अशी लिंपायची की सुई जाईल एवढी फट राहता कामा नये. हवा शिरली की किडे झाले. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं, त्यांनी तसंच केलं, आणि आमच्या ज्वारीला कधी टोके लागले नाहीत. त्यांनी आमचा गडी किसन याला हाक मारली, माती कालवून घेतली आणि मधल्या खणाची सगळी बारीक भोकं स्वतःच्या अंगठ्यानं नीट, प्रेमानं लिंपली. मी म्हटलं, मामानं हात लावू नका सांगितलंय. ते म्हणाले, भोकं बुजवून देतो, त्याचंच काम हलकं होईल. मग दोन्ही डब्यांत उरलेलं सगळंच्या सगळं बादलीत एकत्र केलं, कारण काठोकाठ भरायचं होतं. किसननं ढवळलं, बाबांनी ओतलं, आणि ओतायच्या भोकावर मातीचा गोळा थापून हात झटकले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चऱ्हाट करकरलं. मग घोडीच्या पाठीचा मधला भाग, भाकरी फुगावी तसा, वर येऊ लागला. किसन मागे सरकला. बाबा मात्र जबाबदार माणूस; त्यांनी पाटा आणवला, वरवंटा आणवला, आणि तेही वर येताहेत हे पाहून धोतर सावरून स्वतः त्यावर बसले. बाबांचं वजन गावात मान्यताप्राप्त होतं. ते बसताच घोडी क्षणभर थांबली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, ते पाट्यावरवंट्यासकट चार बोटं वर गेले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. ओसरीवर बसावं तसे बसून ते वर चालले होते. आई कुरडयांपाशी उभी राहून तोंडात पदर कोंबत होती. शेवटी एक मातीचं बूच फट् करून उडालं आणि त्यांच्या मांडीशी सोनेरी कुत्र्याची छत्री उगवली, आणि तिनं त्यांचं धोतर धरलं.

मामा टॉवेल गुंडाळून धावत आला. तोवर सगळं शांत होऊन टणक होत होतं. त्यानं घोडीखाली वाकून बघितलं, हात फिरवला, आणि फार हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, कणगी भरत होता काय?"

बाबा वरून म्हणाले, "मंग उघडी भोकं ठेवून कीड लावू काय?"

आईनं कात्रीनं धोतर कापलं तेव्हा ते उतरू शकले. पुढे कितीतरी दिवस घोडीच्या पाठीला बाबांच्या धोतराचा हातभर तुकडा चिकटलेला होता.

हसून झाल्यावर सगळ्यांना खालचं दिसलं. वर बाबा बसल्यामुळे फोमनं खाली वाट काढली होती. घोडीचं सपाट पोट मध्ये गोल सुटलं होतं, अगदी गाभण घोडीसारखं. सपाट पोटामुळेच ती पाण्यावर स्थिर राहायची. आता कापून पुन्हा करायचं तर फोमचा थेंब उरला नव्हता आणि मुंबईहून यायला आठवडे लागले असते. तिकडे टरबुजं आठवडाभरही थांबणार नव्हती. आत्या टोपलं घेऊन परत आली, तिनं ते पोट पाहिलं, आणि टोपलं खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. डोक्यावर ओझं घेऊन ती तशीच उभी राहिली. बाबांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली नाही, हातातच धरून ठेवली. रात्री त्यांनी आईला सांगितलं की काशीला सांग, अट मी परत घेतो. आईनं सांगितलं. आत्या म्हणाली, "परत कायले घेता? अजून घोडी पाण्यात कुठं गेली?" मला वाटलं होतं, ती आनंदानं हो म्हणेल. पण दयेनं मिळालेलं वावर तिला चुलीमागच्या ताटासारखंच वाटलं असतं.

सकाळी अर्धं गाव काठावर. घोडी न्यायला याही खेपेला दोघं पुरले, आणि पाण्यात सोडल्यावर ती बदकासारखी वर तरंगली. मामाच्या तोंडून हुश्श निघालं. घोडी किसननं चालवायची असं बाबांनी आधीपासून ठरवलं होतं. बाईमाणसानं सगळ्या गावासमोर होडीवर ताठ उभं राहून जायचं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं, आणि आत्यानंही त्यावर वाद घातला नव्हता. किसन चांगला धिप्पाड. तो चढला, बांबू उचलला, आणि घोडीनं पोटावर एक गिरकी घेऊन त्याला पाण्यात टाकलं. पुन्हा चढला, पुन्हा पडला. एक भोई आला, पाण्यात जन्म गेलेला; तोही उंचापुरा, त्यालाही तिनं चार हातांवर नेऊन सोडलं. मग मामा, सोपं आहे म्हणत. काठावर पोरं हसून हसून लोळू लागली. गोल पोटावर उंच, जड माणूस टिकणंच शक्य नव्हतं, हे मामानं नाकातलं पाणी काढत समजावलं. बाबांनी धोतर वर खोचलं, पण आईनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि ते थांबले.

आत्यानं लुगड्याचा काष्टा घट्ट केला. कुणाला विचारलं नाही. उकिडवी बसून घोडीवर सरकली, मग हळूहळू, गुडघे किंचित वाकवून उभी राहिली. घोडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, आत्याचे पाय तिच्याबरोबर झुकले, आणि दोघी थांबल्या. लहानपणी पेरणीआधी ढेकळं फोडायला बैलांमागे फळी ओढत, तेव्हा वजन म्हणून फळीवर हलकं पोर उभं करत. आजोबांच्या वावरात ते पोर नेहमी आत्या असे. धावत्या फळीवर, हातानं नुसतं बैलाचं शेपूट धरून. विहिरीत पोहायलाही ती मुलांच्या बरोबरीनं शिकलेली. तिनं बांबू रेटला. घोडी निघाली. काठावरचं हसू कुठं गेलं कोण जाणे, फक्त पाण्याचा चुबुक चुबुक आवाज ऐकू येत होता. कुणीतरी म्हातारं माणूस मागे पुटपुटलं, बाई उभी हाय बे घोडीवर, आणि बाबांनी वळून त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ते वाक्य तिथंच संपलं.

मग मी फेऱ्यानं जाऊन टेकाडावर आत्याला गाठलं, जाळं भरायला. भोयांचं जुनं जाळं, त्यात आम्ही दोघींनी टरबुजं लोटत नेली. पाण्यात गेल्यावर ती म्हशींच्या डोक्यांसारखी काळी हिरवी डुलू लागली. दोर घोडीच्या मागच्या कडीला बांधला. ओझं मागं लागल्यावर उलट घोडी अधिक स्थिर झाली. मी टेकाडावरून बघत होते. निळं पाणी, त्यात एक ताठ उभी बुटकी बाई, आणि तिच्यामागे गुमान चाललेला टरबुजांचा कळप. मधेच वाऱ्याची झुळूक आली, घोडी फिरू लागली, आत्या खाली वाकली. पण तिनं बांबू तळाला टेकवून धरला आणि वारा पडेपर्यंत तशीच थांबून राहिली. मला वाटतं, आयुष्यातल्या बऱ्याच वाऱ्यांना तिनं असंच पडू दिलं होतं. मी गळा काढून ओरडायचं विसरले, याचं अजून बरं वाटतं.

मी धावत फेऱ्यानं परत पोचले तेव्हा शेवटचं थोडं अंतर राहिलं होतं. काठाशी आमची बैलगाडी उभी होती, आत तणस पसरलेलं. सांगितलं कुणी नव्हतं. बाबा स्वतः गुडघाभर पाण्यात उतरले होते. त्यांनी दोर धरून जोरात ओढायला घेतला तशी आत्या वरून म्हणाली, "भाऊ, ओढू नको, जाळं फाटन. हळू घे." बाबांना त्या सुरात सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. त्यांनी दोर सैल केला आणि हळू घेतला.

जाळं काठाला लागलं. बाबांनी एक टरबूज उचललं, कानाशी धरून बोटानं टिचकी मारली, मग दुसरं, मग तिसरं, जणू सगळा दोष टरबुजातच कुठंतरी सापडेल. मग ते तणसावर ठेवत, आत्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी टेकाडाच्या खालची पट्टी घेजो. वरची लवकर सुकते."

आत्या घोडीवरून उतरली. तिनं बांबू काठावर टाकला. "घेतो," ती म्हणाली. "पण नाव कोणाचं लावू?"

"तुह्यंच लाव," बाबा म्हणाले. "मी काय त्या घोडीवर मावतो?"